मोटारीच्या पुढच्या सीटचा लंबर सपोर्ट बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामानिमित्त मला महिन्यातून पाच-सहा वेळा नाशिकहून मुंबईला गाडी चालवत जावं लागतं. दोन वर्षांपूर्वी असं व्हायला लागलं की इगतपुरी मागे पडली की कंबर धरायची, आणि ठाण्याला उतरताना दाराला धरून उभं राहावं लागायचं. वय झालं म्हणून गप्प बसलो होतो. मग एका रविवारी सीटच्या कडेची, कंबरेचा आधार कमी-जास्त करायची चकती फिरवली आणि लक्षात आलं, ती नुसतीच गरगर फिरतेय, पाठीला काहीच जाणवत नाही. सीट उघडली तेव्हा तुरीच्या दाण्याएवढा एक मणी केबलच्या टोकावरून निखळून खाली पडलेला सापडला. सगळ्या दुखण्याचं मूळ तेवढंच होतं.

त्यानंतर नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या सीट उघडून झाल्या. त्यांनी विचारलेले प्रश्न आणि मला जमलेली उत्तरं इथे लिहितो आहे.

लंबर सपोर्ट म्हणजे नेमकं काय?

आपल्या पाठीचा कणा सरळ नसतो. कंबरेच्या भागात पाच मणके असतात आणि तिथे कणा पुढच्या बाजूला वळलेला असतो. उभं राहिल्यावर हा बाक आपोआप टिकतो. बसलं की ओटीपोटाची हाडं मागे कलतात आणि बाक सपाट होतो. सीटच्या पाठीत नेमक्या त्या जागी मागून पुढे रेटणारा जो भाग असतो तो लंबर सपोर्ट.

काही गाड्यांत तो फोमचा नुसता फुगवटा असतो, कमी-जास्त करता येत नाही. काहींत कडेला दांडी किंवा गोल चकती असते. महागड्या गाड्यांत बटण असतं आणि आत मोटर किंवा हवेची पिशवी असते. स्वीडनच्या व्होल्वोने १९६० च्या दशकातच आपल्या ॲमेझॉन मॉडेलच्या पुढच्या सीटना कमी-जास्त करता येणारा कंबरेचा आधार दिला होता. म्हणजे कल्पना जुनीच आहे.

तो बिघडला तर खरंच एवढा फरक पडतो का? मागे उशी टाकून चालत नाही का?

तासाभराच्या प्रवासाला उशी चालते. रोजच्या गाडी चालवण्याला चालत नाही, कारण ती सरकते. ब्रेक दाबताना आपण पुढे जातो, उशी खाली घसरते, आणि मग ती कंबरेला आधार देण्याऐवजी आपल्यालाच पुढे ढकलते. जाड उशीमुळे डोकं आणि हेडरेस्ट यांतलं अंतरही वाढतं. मागून कोणी ठोकलं तर मानेला हिसका बसतो, तो या अंतरामुळे जास्त बसतो.

दुखण्याच्या बाजूने बघायचं तर स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधल्या चकत्यांत सुई घालून दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा आधाराविना बसल्यावर दाब जास्त असतो, असं त्यांना आढळलं. पुढे १९९९ साली जर्मनीत उल्म इथे झालेल्या मोजमापात नुसतं बसणं आणि उभं राहणं यांत फारसा फरक निघाला नाही, पण पुढे वाकून बसल्यावर मात्र दाब खूप वाढलेला दिसला. मला यातून कामाचं वाटतं ते एवढंच: गाडीत कंबरेमागे पोकळी राहिली की माणूस हळूहळू स्टिअरिंगकडे वाकत जातो. आधार असला की खांदे आपोआप मागे टेकतात.

आमच्या गाडीत लंबर सपोर्ट आहे की नाही, हे कसं कळेल?

आधी सीटच्या पाठीच्या दोन्ही कडा हाताने चाचपून बघा. दांडी, चकती किंवा बटण काहीतरी असेल. पाठ मागेपुढे करायची दांडी वेगळी, ती खाली बिजागरापाशी असते. लंबरची चकती साधारण कोपराच्या पातळीला, पाठीच्या कडेलाच असते. आपल्याकडच्या गाड्यांपैकी महिंद्रा एक्सयूव्ही ५०० मध्ये ड्रायव्हरसाठी ही सोय होती, स्कोडा ऑक्टाव्हियामध्येही आहे. बहुतेक हॅचबॅकमध्ये फक्त फोमचा फुगवटा असतो. पुष्कळ गाड्यांत ही सोय फक्त ड्रायव्हरच्या बाजूला असते, त्यामुळे डावी सीट चाचपून निष्कर्ष काढू नका.

माझ्या मेव्हण्याने चार वर्षं गाडी वापरली तरी त्याला ही चकती माहीतच नव्हती. जाड रेक्झिनच्या कव्हरखाली ती दडली होती.

बिघाड नेमका कुठे आहे, हे सीट न उघडता ओळखता येईल का?

बऱ्याच अंशी येईल, आणि उघडण्याआधी ही तपासणी जरूर करा. अर्धं काम इथेच होतं.

दांडी किंवा चकतीचा प्रकार असेल तर आतली रचना समजून घ्या. पाठीच्या लोखंडी चौकटीत तारांची एक जाळी आडवी टांगलेली असते. तिच्यावर प्लास्टिकची किंवा पत्र्याची लवचीक पट्टी असते. चकती फिरवली की सायकलच्या ब्रेकला असते तशी केबल ताणली जाते, पट्टीची दोन टोकं जवळ येतात आणि मधला भाग पुढे फुगतो, धनुष्याची दोरी ओढल्यावर काठी वाकावी तसा. आता चकती हातात कशी लागते ते बघा.

चकती अगदी सैल, कुठेच जोर लागत नाही: केबल तुटली आहे किंवा तिच्या टोकाचा मणी निखळला आहे. चकती फिरवताना कडकड आवाज येतो आणि एका ठिकाणी निसटते: चकतीमागचे प्लास्टिकचे दाते झिजले आहेत. चकती नीट ताणते पण पाठीला एकाच बाजूला टोचतं: पट्टी मधोमध मोडली आहे किंवा जाळीचा एखादा आकडा चौकटीतून सुटला आहे. चकतीला हात न लावताही पूर्ण पाठ मागे खचल्यासारखी वाटते: जाळीच गेली आहे, लंबरचा दोष नाही.

बटणाचा प्रकार असेल तर बटण दाबून कान सीटच्या पाठीला लावा. आवाजच नाही, तर आधी फ्यूज बघा, मग बटण, मग मोटर. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण हालचाल नाही, तर गिअर झिजला आहे किंवा केबल सुटली आहे. हवेच्या प्रकारात पंप घुरघुरतो, फुगतं, आणि सकाळपर्यंत बसून जातं, तर कुठेतरी गळती आहे. पंप घुरघुरतो पण काहीच फुगत नाही, तर नळी निसटली असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

पूर्ण युनिटच बदलावं लागतं का?

सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा हेच सांगतील. मला तर पाठीची अख्खी चौकटच बदला म्हणून सांगितलं होतं, कारण त्यांच्या यादीत लंबरचा सुटा पार्टच नव्हता. अनेक कंपन्या आपल्याकडे तो सुटा विकत नाहीत, हे खरं आहे.

पण मणी निखळला असेल तर केबल बदलायचीही गरज पडत नाही. मोटरसायकलच्या क्लच केबलला स्क्रूने आवळायचा पितळी मणी मिळतो, टू-व्हीलरच्या मेकॅनिककडे तो हमखास असतो. केबलचं विसकटलेलं टोक कापून, तारा पीळ देऊन एकत्र करून त्यावर हा मणी घट्ट आवळला की काम होतं. माझ्या सीटमध्ये अजून तोच आहे. फक्त एक बघा: नवा मणी चकतीमागच्या खोबणीत पूर्ण बसला पाहिजे. जाड असेल तर कानशीने घासून घ्या. अर्धवट बसलेला मणी पहिल्याच ताणाला उडतो.

पट्टी मोडली असेल तर मात्र ती चिकटवत बसू नका. तिच्यावर माणसाचं वजन येतं, आणि मोडलेल्या प्लास्टिकचं टोक फोम फाडून बाहेर येऊ शकतं. तिथे युनिट बदलणंच बरं.

युनिट कुठे मिळेल?

जुन्या गाड्यांच्या बाजारात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं, ही सुरुवात करायला चांगली ठिकाणं. नुसतं "लंबर सपोर्ट" म्हणून मागितलं तर दुकानदार गोंधळतो. जुन्या युनिटचा फोटो आणि त्यावर छापलेला पार्ट नंबर मोबाइलमध्ये घेऊन जा, किंवा तो पार्टच हातात घेऊन जा. भंगारात गेलेल्या गाडीची पॅसेंजर बाजूची सीट फारशी वापरलेली नसते. तिच्यात लंबर असेल तर पट्टी आणि जाळी बऱ्याचदा अगदी नव्यासारखी निघते.

परदेशातून ऑनलाइन मागवताना एक घोळ हमखास होतो. अमेरिका, जर्मनीत स्टिअरिंग डावीकडे. तिकडच्या ड्रायव्हरची सीट म्हणजे आपल्याकडची पॅसेंजर बाजूची. चकतीची आणि केबलची दिशा उलटी निघते. म्हणून "ड्रायव्हर साइड" या शब्दावर विसंबू नका, "उजवी" की "डावी" ते बघा. इंग्लंड, जपान, ऑस्ट्रेलियातल्या गाड्यांची उजवी-डावी आपल्यासारखीच असते.

सीटमध्ये एअरबॅग आहे. घरी काम करावं का?

या प्रश्नाचं उत्तर शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

साइड एअरबॅग असलेल्या गाडीत ती बहुधा पुढच्या सीटच्या पाठीतच, दाराकडच्या कडेला असते. कडेला तशी छोटी पट्टी शिवलेली दिसते. लंबरचं युनिट तिच्यापासून वीतभर अंतरावर असतं. ही एअरबॅग दारूच्या स्फोटाने उघडते. तोंड जवळ असताना ती उडाली तर डोळा, जबडा, काहीही जाऊ शकतं.

क्रम असा ठेवा. सीट इलेक्ट्रिक असेल तर ती आधी हवी तिथे सरकवून घ्या, कारण बॅटरी काढल्यावर ती हलणार नाही. लंबर पूर्ण सैल करा. मग इग्निशन बंद, किल्ली खिशात. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि परत टेकणार नाही असं कापडात गुंडाळून बाजूला करा. यानंतर थांबायचं. एअरबॅगच्या यंत्रणेत राखीव वीज साठवलेली असते, ती उतरायला वेळ लागतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये हा वेळ दिलेला असेल तर तो पाळा. मी सरसकट पंधरा मिनिटं थांबतो, चहा घेऊन येतो. मगच सीटखालचा पिवळा कपलर, म्हणजे एअरबॅगच्या वायरींचा जोड, सोडवायचा.

पिवळ्या कपलरला कधीही मल्टिमीटर लावू नका. मीटरची थोडीशी वीजही एअरबॅग उडवायला पुरेशी ठरू शकते. काही गाड्यांत सीटबेल्टच्या बकलमध्येही बेल्ट खेचून घेणारी स्फोटक नळी असते, तिचाही कपलर पिवळाच असतो. सीट सुटी असताना इग्निशन चालू करू नका.

हे वाचून मनात धाकधूक असेल तर सरळ जाणत्या माणसाकडे द्या. त्यात कमीपणा नाही. एअरबॅग असलेली सीट आणि पहिल्यांदाच हातात घेतलेला पाना, ही जोडी मी कुणालाच सुचवणार नाही. पहिला हात एअरबॅग नसलेल्या सीटवर बसवा.

सीट गाडीबाहेर काढावीच लागते का?

नेहमी नाही. मागच्या सीटवर बसून पुढच्या सीटच्या पाठीची मागची बाजू उघडता आली, तर बरीच कामं तिथूनच होतात. मणी बसवणं, सुटलेला आकडा अडकवणं, नळी परत लावणं एवढ्यासाठी सीट काढू नका. पूर्ण युनिट बदलायचं तर काढलेली बरी, नाहीतर तीन तास मान वाकडी करून काम करताना स्वतःचीच कंबर जाते.

काढायची तर सीट मागे सरकवून पुढचे दोन बोल्ट, पुढे सरकवून मागचे दोन. रेलच्या टोकांवर प्लास्टिकची टोपणं असतात, ती आधी काढावी लागतात. साधी सीटसुद्धा वीसेक किलोची भरते आणि रेलच्या कडा धारदार असतात, म्हणून दाराच्या पट्टीवर जुनं पांघरूण टाका आणि दुसऱ्या माणसाला हाताशी घ्या. परत बसवताना चारही बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवायचे, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या ताणाला टॉर्क पान्याने, म्हणजे किती आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळायचे. अपघातात माणसाला जागेवर धरून ठेवणारे हे बोल्ट आहेत. अंदाजाने आवळलेलं चालणार नाही.

हत्यारं कोणती लागतील?

गोटी पान्याचा संच, टॉर्क्सचे (चांदणीच्या आकाराचे) बिट, पक्कड, लांब तोंडाची पक्कड, कटर, प्लास्टिकची पट्टी उचकटायला प्लास्टिकचीच पातळ कांब, टॉर्क पाना, चांगल्या प्रतीचे केबल टाय, थोडं ग्रीस. बॅटरीला बहुधा १० नंबरचा पाना लागतो. आणि खडू. खडू कशाला, ते पुढे येतं.

पाठ उघडायची कशी?

इथे लोक घाई करतात आणि कव्हर फाडतात.

मागे कडक प्लास्टिकचं पॅनल असेल तर ते खालून दोन स्क्रूंनी आणि वर क्लिपांनी धरलेलं असतं. स्क्रू काढून पॅनल आधी खालून थोडं बाहेर ओढायचं आणि मग खाली किंवा वर सरकवायचं, गाडीप्रमाणे दिशा बदलते. जोर लावण्याआधी मोबाइलच्या उजेडात फटीतून आत बघा, क्लिप कुठल्या बाजूला तोंड करून आहे ते दिसतं.

मागेही कापडच असेल तर पाठीच्या खालच्या कडेला हात घाला. कापडाच्या दोन्ही टोकांना शिवलेल्या प्लास्टिकच्या लांब पट्ट्या एकमेकींत आकड्यासारख्या अडकलेल्या असतात. दोन्ही हातांनी कापड एकमेकांकडे दाबून ताण सैल केला की पट्टी अंगठ्याने सुटते. पक्कड लावून ओढलं तर पट्टी चिरते, आणि ती पट्टी सुटी मिळत नाही. काही सीटना इथे चेन असते, काहींना वेल्क्रो.

पट्टी सुटली की कापड मोज्यासारखं खालून वर गुंडाळत जायचं. फोमच्या खाचांमध्ये ते लोखंडी रिंगांनी बांधलेलं असतं. मागच्या बाजूने काम होत असेल तर या रिंगांना हातही लावावा लागत नाही. पुढचं कापड उचलावंच लागलं तर जेवढ्या रिंगा आड येतात तेवढ्याच कटरने कापा आणि परत बांधताना त्या जागी केबल टाय लावा. एअरबॅगच्या शिवणीवरून मात्र काहीही बांधायचं नाही.

प्रत्येक पायरीला फोटो. हे मी पहिल्या वेळी केलं नाही आणि एका स्प्रिंगची जागा शोधण्यात अख्खी दुपार गेली.

जुनं युनिट काढून नवं बसवण्याचा क्रम सांगा.

चकती पूर्ण सैल असल्याची खात्री करा. जाळीच्या कडेच्या तारा चौकटीच्या भोकांत आकड्यांनी अडकलेल्या असतात. खालच्या दोन आधी सोडवा, मग वरच्या. ताण असतो, म्हणून तोंड बाजूला ठेवा आणि हातमोजे घाला. केबल चौकटीला कुठे कुठे क्लिपांनी बांधली आहे ते बघून ठेवा. चकती बहुधा नुसती ओढून निघते, तिच्यामागे दोन स्क्रू असतात.

नवं युनिट बसवताना आधी वरचे आकडे, मग खालचे. केबल जुन्याच वाटेने न्यायची, कुठेही टोकदार वळण द्यायचं नाही आणि पाठ कलण्याच्या बिजागराजवळून नेऊ नये. आकडे जिथे चौकटीला घासतात तिथे बोटभर ग्रीस लावा. कव्हर चढवण्याआधी चकती दहा-बारा वेळा पूर्ण फिरवून पट्टी दोन्ही बाजूंना सारखी फुगते का ते डोळ्यांनी बघा. एवढं केलं नाही तर पुन्हा सगळं उघडायची वेळ येते.

हवेच्या पिशवीला पंक्चर काढता येतं का?

सायकलच्या ट्यूबचा पॅच आणि सोल्युशन रबरासाठी असतं. या पिशव्या रबराच्या नसून प्लास्टिकच्या जातीच्या असतात, पॅच आठवड्याभरात सुटतो. पण आधी गळती पिशवीतच आहे याची खात्री करा. साबणाचं पाणी सांध्यांवर लावून पंप चालवा, बुडबुडे दिसतील. बऱ्याचदा नळीचं टोक कडक होऊन चिरलेलं असतं. बोटभर कापून परत बसवलं की गळती थांबते.

मोटरच्या कपलरवर मीटर लावून बघायला हरकत नाही: बटण दाबल्यावर १२ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत आणि उलटं बटण दाबल्यावर खूण उलटी झाली पाहिजे. फक्त तो लंबरचाच कपलर आहे, पिवळा नाही, हे दोनदा बघून घ्या. हे तपासायला बॅटरी जोडावी लागते आणि इग्निशनही द्यावं लागू शकतं. म्हणून एअरबॅग असलेल्या सीटची ही तपासणी सीट जागेवर आणि सगळे कपलर जोडलेले असतानाच करायची.

आमच्या गाडीत मुळात लंबर नाहीच. नवीन बसवता येईल?

येईल. दोन मार्ग आहेत.

पहिला, हवेच्या पिशवीचा तयार संच. रक्तदाब मोजायच्या यंत्राला असतो तसा रबरी फुगा हाताने दाबून पिशवी फुगवायची. पिशवी जाळी आणि फोम यांच्या मध्ये बसते, नळी खालून बाहेर येते. विजेचं काहीच काम नाही. मला हा मार्ग आवडतो, कारण हवी तेवढीच हवा भरता येते.

दुसरा, फोम. कुशनवाल्याकडे फोम डेन्सिटीच्या आकड्याने मिळतो. मऊ फोम महिनाभरात बसतो, म्हणून ४० डेन्सिटीच्या खालचा घेऊ नका. वीस-पंचवीस मिलिमीटर जाडीचा, दीड वीत रुंद तुकडा घ्या आणि त्याच्या चारही कडा कटरने उतरत्या करा. कडा सरळ राहिल्या तर पाठीला पाटा टोचल्यासारखा वाटतो. फेव्हिकॉल एसआर ९९८ सारखं रबरी चिकट दोन्ही पृष्ठभागांना लावून, बोटाला चिकटेनासं झाल्यावर दाबून बसवायचं. मूळ फोमच्या मागच्या बाजूला चिकटवलं तर पुढून काहीच दिसत नाही.

सीटला हीटर असेल तर पुढच्या बाजूला काही चिकटवू नका, तिथे तारांची चटई असते. थंड हवेची सीट असेल तर मागचा पंखा आणि त्याची वाट झाकली जाणार नाही हे बघा.

नवीन कव्हर घातल्यापासून लंबर लागतच नाही. का?

आपल्याकडे नवी गाडी घरी येण्याआधी सीट कव्हर चढलेलं असतं. जाड रेक्झिन, आत फोमचा थर, आणि सुरकुती दिसू नये म्हणून मागून करकचून आवळलेलं. पट्टी आत फुगते, पण कव्हर तिला पुढे येऊच देत नाही. खात्री करायला मागचे बंद सोडा आणि चकती फिरवून बसून बघा. फरक लगेच कळतो.

मला याहून मोठी काळजी वाटते ती साइड एअरबॅगची. साधं कव्हर एअरबॅगच्या शिवणीवरून गेलं तर ती वेळेवर उघडेलच याची खात्री देता येत नाही. तसं कव्हर असेल तर लंबर दुरुस्त करताना ते परत चढवूच नका.

उंची किती ठेवायची? किती फुगवायचं?

आता खडू काढा. सीटवर पार मागे सरकून बसा, बसका भाग सीटच्या पाठीला टेकलेला हवा. दुसऱ्या माणसाला तुमच्या पट्ट्याच्या किंचित वर, कंबर जिथे सर्वांत आत जाते तिथे सीटच्या कडेवर खूण करायला सांगा. फुगवट्याचा सर्वांत उंच भाग त्या खुणेवर आला पाहिजे. बहुतेकांच्या बाबतीत ही जागा दाबलेल्या गादीपासून १५ ते २५ सेंटीमीटर वर येते. उंची चुकली तर कितीही फुगवा, उपयोग नाही. खूप खाली आलं तर ते तुम्हाला सीटवरून पुढे ढकलतं, खूप वर आलं तर बरगड्यांना लागतं आणि खांदे पुढे येतात.

फुगवटा दोन-तीन सेंटीमीटर पुरतो. सीटची पाठ १०० ते ११० अंशांत ठेवा. पूर्ण सैल चकतीपासून सुरू करून, कंबरेमागची पोकळी जेमतेम भरली की थांबा. जोरात रेटलेलं पहिल्या दहा मिनिटांत बरं वाटतं आणि तासाभरात त्रास देतं.

गाडी मी आणि बायको दोघं चालवतो. कोणाच्या मापाने बसवावं?

फोमचा तुकडा एकाच्याच मापाचा होतो. दोघांच्या उंचीत वीतभर फरक असेल तर हवेची पिशवी घ्या, ती पसरट फुगते आणि दोघांना चालते. नाहीतर जो जास्त वेळ चालवतो त्याचं माप धरा आणि दुसऱ्यासाठी सीटची उंची बदलून बघा.

काम झाल्यापासून खड्ड्यात कुरकुर आवाज येतो.

जाळीचा आकडा चौकटीला घासतोय किंवा केबल पत्र्यावर आपटतेय. आकड्यावर ग्रीस आणि केबलवर कापडी टेप. टिकटिक आवाज असेल तर एखादी कापलेली रिंग आत पडली असेल, ती शोधून काढा. मी आता कापलेल्या रिंगा वाटीत मोजून ठेवतो.

डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला आहे.

सीट सुटी असताना कोणीतरी इग्निशन चालू केलं, किंवा पिवळा कपलर पूर्ण बसलेला नाही. बॅटरी काढून, थांबून, कपलर टक् असा आवाज येईपर्यंत दाबा. तरी दिवा गेला नाही तर स्कॅनर लावून गाडीने साठवलेली बिघाडाची नोंद पुसावी लागते. दिवा तसाच ठेवून गाडी चालवू नका. अनेक गाड्यांत दिवा लागलेला असताना एअरबॅग उघडतच नाही.

लंबर बदलूनही कंबर दुखतेच आहे. आता?

बसलेल्या माणसाचं शरीर सेकंदाला चार ते सहा वेळा होणाऱ्या खालीवर हादऱ्यांना सर्वांत जास्त साथ देतं, आणि आपले रस्ते ते हादरे भरपूर देतात. टायरमधली हवा जास्त असेल, शॉक ॲब्सॉर्बर गेले असतील, तर लंबर एकटा काय करणार? ते तपासून घ्या. दर दीड तासाने उतरून पाच मिनिटं चाला. कसारा घाट चढण्याआधी आणि उतरल्यावर मी थांबतोच.

दुखणं पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल, पायातला जोर कमी वाटत असेल तर सीटचा नाद सोडून डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधल्या भागाला स्पर्श कळेनासा झाला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.

जुनं युनिट फेकून देऊ का?

नको. चकती, स्क्रू, क्लिपा आणि जाळीचे आकडे काढून एका पिशवीत ठेवा आणि वर गाडीचं मॉडेल, साल आणि "उजवी" किंवा "डावी" लिहा. पुढच्या महिन्यात कोणीतरी तुमच्याकडेच विचारत येईल.